टोकनांचा सेतुप्रवास : ब्लॉकचेन बदलण्याच्या खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

जबलपूर : एका ब्लॉकचेनवरील क्रिप्टो टोकन दुसऱ्या ब्लॉकचेनवर नेण्यास किती खर्च येतो, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. व्यवहार करण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावर शुल्काचा एक आकडा दिसतो आणि तोच एकूण खर्च, अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात तो अनेक आकारांपैकी केवळ एक असतो. उरलेले आकार त्याआधी, त्यानंतर किंवा परतीच्या वेळी द्यावे लागतात. रक्कम मोठी असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. पाच-दहा हजार रुपये हलविणाऱ्या सामान्य माणसाच्या बाबतीत मात्र तो थेट मुद्दलालाच हात घालतो.

रुळांचे माप आणि मालधक्का

जबलपूर शहराला हा प्रश्न एका वेगळ्या रूपात पूर्वीपासून परिचित आहे. अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचला. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मार्च १८७० मध्ये त्याला येऊन मिळाली. कंपन्या दोन असल्या तरी रुळांचे माप एकच, म्हणजे साडेपाच फूट होते. त्यामुळे मुंबई ते कोलकाता हा मार्ग सलग झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला आलेल्या सातपुडा रेल्वेची गोष्ट निराळी होती. हा मार्ग अरुंदमापी होता. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. या मार्गावरचा डबा मुख्य मार्गावर जाऊच शकत नसे. सातपुड्यातला माल जबलपूर किंवा गोंदियाच्या मालधक्क्यावर उतरवावा लागे, दुसऱ्या गाडीत भरावा लागे आणि मग तो पुढे जाई. व्यापाऱ्याला केवळ वाहणावळ धरून चालत नसे. दोन्ही बाजूंची हमाली, मधला खोळंबा, तूट-फूट आणि परतीचे भाडे हे सारे हिशेबात घ्यावे लागे. जबलपूरचा अरुंदमापी मार्ग २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला आणि आता गोंदियापर्यंतचा संपूर्ण मार्ग रुंदमापी आहे.

ब्लॉकचेनच्या जगात मात्र रुळांचे माप अजून एक झालेले नाही. ईथेरियम, पॉलिगॉन, सोलाना, ट्रॉन ही प्रत्येकी एक स्वतंत्र खातेवही आहे. एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीला आपोआप वाचता येत नाही. ईथेरियमवरील टोकन पॉलिगॉनवर जाते असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात काहीच जात नाही. एका वहीत ते अडकविले किंवा नष्ट केले जाते आणि दुसऱ्या वहीत त्याच्या जोडीची नोंद केली जाते. हे काम करणाऱ्या यंत्रणेला ब्रिज म्हणजेच सेतू म्हणतात.

सेतूचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात मूळ टोकन एका बाजूस कुलूपबंद केले जाते आणि दुसऱ्या बाजूस त्याचे प्रतिरूप निर्माण केले जाते. गोदामात माल ठेवून त्याची पावती पुढे चालवावी, तसा हा प्रकार आहे. पावतीचे मोल गोदामातील माल सुरक्षित असेपर्यंतच असते.

दुसऱ्या प्रकारात टोकन एका बाजूस कायमचे नष्ट केले जाते आणि दुसऱ्या बाजूस तेवढेच नवे टोकन काढले जाते. टोकन काढणारी संस्था दोन्हीकडे एकच असेल, तरच हे शक्य होते. डॉलरशी मूल्य जोडलेल्या यूएसडीसी या टोकनासाठी सर्कल या कंपनीने २०२३ मध्ये अशी व्यवस्था सुरू केली.

तिसरा प्रकार मराठी वाचकांना हुंडीची आठवण करून देईल. एकोणिसाव्या शतकात जबलपुरात सावकारी पेढ्यांचे मोठे प्रस्थ होते आणि राजा गोकुळदास यांचे घराणे त्यात अग्रगण्य होते. हुंडीच्या व्यवहारात रोकड प्रत्यक्ष प्रवास करीत नसे. एका गावी पैसे भरले जात आणि दुसऱ्या गावी पेढी किंवा तिचा आडत्या आपल्या गल्ल्यातून तेवढी रक्कम चुकती करी. या सेवेबद्दल हुंडणावळ घेतली जाई. तरलता-सेतू याच तत्त्वावर चालतात. दोन्ही साखळ्यांवर टोकनांचे साठे असतात. वापरकर्ता एका साठ्यात टोकन भरतो आणि दुसऱ्या साठ्यातून त्याला ते दिले जाते.

हुंडी दर्शनी असली तर ती दाखविताच पैसे मिळत, मुदती असली तर ठरलेले दिवस थांबावे लागे. तोच भेद येथेही आहे. आर्बिट्रम किंवा ऑप्टिमिझम या साखळ्यांवरून ईथेरियमवर त्यांच्या अधिकृत सेतूने परत यायचे, तर साधारण सात दिवस थांबावे लागते. तरलता-सेतू हेच काम काही मिनिटांत करतो, पण त्यासाठी वेगळे शुल्क घेतो. म्हणजेच सेतूच्या शुल्काचा एक भाग ही वेळेची किंमत असते.

गॅस म्हणजे काय?

सेतू कोणताही असो, मूळ साखळीवर नोंद करण्याचा खर्च चुकत नाही. ईथेरियमवर या खर्चाचे माप गॅस या एककात केले जाते. व्यवहारासाठी संगणकांना जेवढे काम करावे लागते, तेवढे गॅस लागते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ईथर पाठविण्यास २१,००० एकके लागतात. सेतूचा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा असल्याने त्यास त्याच्या कितीतरी पट एकके लागतात.

प्रत्येक एककाचा दर ग्वेईमध्ये सांगितला जातो. एक ग्वेई म्हणजे एका ईथरचा शंभर कोटीवा भाग. ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतर या दराचे दोन भाग पडले आहेत. पहिला मूळ दर. तो जाळ्यावरील गर्दीनुसार यंत्रणाच ठरविते आणि ती रक्कम कायमची नष्ट केली जाते. दुसरा भाग म्हणजे व्यवहार लवकर नोंदविला जावा यासाठी दिलेली बक्षिसी.

मूळ दर प्रत्येक ब्लॉकगणिक जास्तीत जास्त साडेबारा टक्क्यांनी वाढू किंवा घटू शकतो. हे प्रमाण अल्प वाटते, पण ईथेरियमवर दर बारा सेकंदांनी नवा ब्लॉक तयार होतो. सलग सहा ब्लॉक पूर्ण भरले, तर सव्वा मिनिटाच्या आत दर दुप्पट होतो. १ मे २०२२ रोजी एका आभासी भूखंड-विक्रीच्या वेळी झालेल्या झुंबडीत हा दर काही हजार ग्वेईपर्यंत चढला होता. त्या रात्री ज्यांचा त्या विक्रीशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनाही आपल्या साध्या व्यवहारांसाठी तोच दर मोजावा लागला.

पाकीट-प्रणाली जो अंदाज दाखविते, तो व्यवहार साखळीच्या ताज्या स्थितीवर लटका चालवून पाहून काढलेला असतो. त्यातून किती एकके लागतील, हे बरेचसे अचूक कळते. दर मात्र त्या क्षणाचा असतो. अंदाज चुकतो, तो बहुधा एककांमुळे नव्हे तर दरामुळे.

जबलपूरमधील एका व्यवहाराचा हिशेब

हा हिशेब एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. जबलपूरमधील एका वापरकर्त्याकडे ईथेरियमवर दहा हजार रुपयांचे यूएसडीसी आहेत आणि ते त्याला पॉलिगॉनवर न्यायचे आहेत, असे समजू. पॉलिगॉन हे जाळे २०१७ मध्ये मॅटिक नेटवर्क या नावाने मुंबईत उदयास आले. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन हे त्याचे भारतीय सहसंस्थापक. ईथेरियमवरील महागड्या शुल्काला पर्याय देणे हाच त्यामागील हेतू होता. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातप्रमाणपत्रांची पडताळणी सुलभ करण्यासाठीही हेच जाळे वापरण्यात आले.

अधिकृत सेतूने जायचे, तर ईथेरियमवर दोन व्यवहार करावे लागतात. पहिल्यात सेतूला आपले टोकन उचलण्याची परवानगी द्यावी लागते. त्यास ५०,००० एकके लागतात असे धरू. दुसऱ्यात टोकन प्रत्यक्ष जमा करावे लागते. त्यास १,५०,००० एकके धरू. एकूण दोन लाख एकके झाली.

दर २० ग्वेई असेल, तर खर्च ०.००४ ईथर येतो. एका ईथरचा भाव अडीच लाख रुपये धरला, तर ही रक्कम एक हजार रुपये होते. दहा हजार रुपयांवर हे शुल्क दहा टक्के झाले. हाच व्यवहार दर २ ग्वेई असताना केला, तर शंभर रुपये म्हणजे एक टक्का लागेल. दर १०० ग्वेईवर गेला, तर पाच हजार रुपये, म्हणजे निम्मी रक्कम शुल्कातच जाईल.

या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की गॅसचा खर्च रकमेवर अवलंबून नसतो. दोन लाख रुपयांचे टोकन नेले, तरी २० ग्वेई दराने खर्च एक हजारच येईल आणि तो केवळ अर्धा टक्का ठरेल. श्रीमंत आणि सामान्य, दोघांकडूनही सेतूच्या नाक्यावर सारखाच टोल घेतला जातो. त्याचे ओझे मात्र सारखे नसते.

तरलता-सेतूचे गणित याहून थोडे वेगळे आहे. तेथे गॅसव्यतिरिक्त रकमेच्या प्रमाणातही शुल्क द्यावे लागते. ते ०.१ टक्का धरले, तर दहा हजारांवर दहा रुपये आणि दोन लाखांवर दोनशे रुपये होतात. साहजिकच लहान रकमेसाठी गॅस महत्त्वाचा ठरतो, तर मोठ्या रकमेसाठी टक्केवारी.

पडद्यावर न दिसणारे आकार

टोकन पलीकडे पोहोचले म्हणजे हिशेब संपला, असे होत नाही. पहिला अडसर पोहोचताक्षणी उभा राहतो. पॉलिगॉनवर कोणताही व्यवहार करायचा, तर त्याचे शुल्क पोल या तेथील टोकनातच द्यावे लागते. हे टोकन सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकच्या जागी आले आहे. वापरकर्त्याजवळ यूएसडीसी पुरेसे आहेत, पण पोल एकही नाही, अशी स्थिती आली, तर संपूर्ण रक्कम खात्यात दिसत असूनही ती हलविता येत नाही. लागणारी रक्कम अगदी किरकोळ असते, मात्र ती आधीच जवळ नसेल तर मिळविण्याचा खटाटोप मोठा होतो.

दुसरा आकार भावफरकाचा आहे. मराठेशाहीत प्रांतोप्रांतीची नाणी वेगवेगळी होती आणि एका टांकसाळीचे नाणे दुसरीकडे चालविताना बट्टा बसत असे. जबलपूर परिसर १७८१ मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. तेथील व्यापाऱ्यांना हा बट्टा नित्याचाच असणार. तरलता-सेतूवरील साठा उथळ असेल किंवा मूळ टोकनाऐवजी त्याचे प्रतिरूप हाती येत असेल, तर तसाच बट्टा आजही बसतो. त्याला स्लिपेज म्हणतात. शुल्क शून्य असल्याची जाहिरात करणारा सेतू प्रत्यक्षात या मार्गाने आपला मोबदला वसूल करीत असू शकतो. म्हणून शुल्क किती, यापेक्षा पलीकडे नेमके किती टोकन हाती पडणार, हा आकडा पाहणे अधिक योग्य ठरते.

तिसरा आकार फसलेल्या व्यवहाराचा आहे. व्यवहार अर्ध्यावर अयशस्वी झाला, तरी तोपर्यंत खर्ची पडलेला गॅस परत मिळत नाही.

चौथा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित आकार परतीच्या प्रवासाचा आहे. पॉलिगॉनवरून अधिकृत सेतूने परतताना तेथील टोकन प्रथम नष्ट करावे लागते. हे काम अगदी स्वस्तात होते. त्यानंतर त्या नोंदीचा पुरावा ईथेरियमवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते आणि अखेरीस ईथेरियमवर तो पुरावा दाखवून टोकन सोडवून घ्यावे लागते. या शेवटच्या पायरीला लागणारा गॅस जाण्याच्या वेळेपेक्षा जास्त असू शकतो. वरील उदाहरणात त्यासाठी तीन लाख एकके धरली, तर २० ग्वेई दराने आणखी दीड हजार रुपये होतात. म्हणजे दहा हजारांच्या जाण्यायेण्याचा एकूण खर्च अडीच हजार रुपयांवर जातो.

जोखमीचीही किंमत असते

केवळ शुल्क कमी म्हणून सेतू निवडणे धोक्याचे ठरू शकते. सेतूंमध्ये मोठी रक्कम एका ठिकाणी साठलेली असते, त्यामुळे सायबर चोरांचे लक्ष त्यांच्याकडे जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल या सेतूवरून सुमारे ३२ कोटी डॉलर मूल्याचे टोकन लांबविण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये रोनिन सेतूवरून सुमारे ६२ कोटी डॉलरची चोरी झाली. तेथे नऊपैकी पाच प्रमाणकांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या. ऑगस्टमध्ये नोमॅड या सेतूतून सुमारे १९ कोटी डॉलर गेले.

कुलूपबंद केलेला मूळ माल चोरीला गेला, की पलीकडील प्रतिरूप ही रिकाम्या गोदामाची पावती उरते. हा धोका कोणत्याही शुल्कपत्रकात लिहिलेला नसतो. सेतूला दिलेली परवानगीही अमर्याद रकमेची न ठेवता आवश्यक तेवढ्याच रकमेची ठेवणे हितावह असते, कारण ती परवानगी व्यवहार संपल्यावरही कायम राहते.

कराचा हिशेब

भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागू आहे. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील व्यवहारांवर एक टक्का करकपातही होते. हा नफा मोजताना मालमत्तेच्या खरेदीमूल्याशिवाय अन्य कोणत्याही खर्चाची वजावट मिळत नाही. एका टोकनातील तोटा दुसऱ्या टोकनातील नफ्यातून वळताही करता येत नाही.

सेतूचा खर्च त्यामुळे दुहेरी जाणवतो. पाचशे रुपयांचा नफा मिळविण्यासाठी सेतूवर तीनशे रुपये खर्च झाले, तरी कर दोनशेवर नव्हे, पाचशेवर भरावा लागतो. शिवाय एक टोकन देऊन दुसरे टोकन घेणे हेही हस्तांतरणच असल्याने, सेतूच्या वाटेवर टोकन बदलले जात असेल तर त्याची नोंद ठेवणे आवश्यक ठरते.

अंदाज बांधण्याची रीत

वरील सर्व बाबी लक्षात घेता, खर्चाचा अंदाज पाच प्रश्नांतून बांधता येतो. मूळ साखळीवर किती व्यवहार करावे लागतील आणि त्यांचा गॅस त्या वेळच्या दराने किती होईल? सेतूचे स्वतःचे शुल्क किती? बट्टा वजा जाता पलीकडे किती टोकन हाती पडतील? पलीकडे व्यवहार करण्यासाठी तेथील टोकन जवळ आहे काय? आणि परत यावयाचे झाल्यास किती खर्च व किती दिवस लागतील? या पाचही उत्तरांची बेरीज करून तिला हलवावयाच्या रकमेने भागले, की खरी टक्केवारी समजते. दर अचानक वाढण्याची शक्यता ध्यानात घेऊन गॅसचा खर्च दुप्पट धरणे सुरक्षित असते.

ही टक्केवारी जास्त येत असेल, तर दोन पर्याय उरतात. पहिला, गर्दी ओसरेपर्यंत थांबणे. दुसरा, सेतूच टाळणे. काही विनिमय केंद्रे एकच टोकन अनेक जाळ्यांवर काढून घेण्याची सोय देतात. टोकन आधीच केंद्रात असेल, तर ते ईथेरियमवर काढून मग सेतूने नेण्यापेक्षा थेट इच्छित जाळ्यावर काढून घेणे स्वस्त पडू शकते. मात्र घेणाऱ्या खात्याला ते जाळे चालते की नाही, याची खात्री आधी करावी लागते. चुकीच्या जाळ्यावर पाठविलेले टोकन परत मिळेलच, असे नाही. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी लहानशी रक्कम पाठवून पाहण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. चाचणीचे शुल्क वेगळे पडते, पण संपूर्ण रक्कम गमावण्यापेक्षा ते परवडते.

मार्च २०२४ मध्ये ईथेरियमवर झालेल्या बदलानंतर आर्बिट्रम, ऑप्टिमिझम यांसारख्या ईथेरियमवर आधारित दुय्यम साखळ्यांवरील शुल्क बरेच उतरले आहे. अशा दोन साखळ्यांमधील प्रवास आता तुलनेने स्वस्त आहे. मुख्य ईथेरियमवर चढणे किंवा तेथून उतरणे ही पायरी मात्र अजूनही गर्दीच्या लहरीवर अवलंबून आहे.

क्रिप्टो टोकनांना भारतात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही आणि रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून त्यांच्या जोखमीबद्दल वेळोवेळी सावध केले आहे. तरीही जो या व्यवहारात उतरतो, त्याने निदान जुन्या मालधक्क्यावरील व्यापाऱ्याइतका तरी चोख हिशेब ठेवणे गरजेचे आहे. माल गाडीत भरण्यापूर्वी तो दोन्ही बाजूंची हमाली आणि परतीचे भाडे मोजत असे. एवढे मोजूनही फायदा उरत असेल, तरच तो माल पुढे पाठवी.